तोंड न बघता केलेली दया

एका जंगलात, बाळांनो, एक शाळा होती. शाळेचं नाव काढल्याबरोबर तुमची तोंडं वाकडी झाली, ती मला दिसली बरं का. होऊ देत. आजची गोष्ट तोंडाचीच आहे.

या जंगलात सिंह होता आणि वाघही होता. दोघं एकाच जंगलात कसे, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं भूगोलाच्या तासाला जाऊन बसावं. आपण पुढे जाऊ.

शाळेत चौथीला भिंगरी नावाची एक मुंगसाची पोर होती. चपळ, भांडखोर आणि लगोरीत एक नंबर. तिचा वरचा ओठ जन्मापासूनच नाकापर्यंत दुभंगलेला होता आणि डावा गाल वर ओढला गेला होता. त्यामुळे ती रागावली तरी अर्धी हसल्यासारखी दिसे, आणि खरंच हसली की सगळं तोंड डाव्या कानाकडे निघून जाई.

ती जन्मली तेव्हा अख्खं जंगल बाळंतविडा घेऊन बघायला आलं होतं. बघून झाल्यावर मंडळी जरा लगबगीनंच उठली. जाता जाता प्रत्येकीनं तिच्या आईला एकच प्रश्न विचारला.

"ग्रहणात भाजी चिरलीस का गं?"

"आम्ही साप खातो," आई म्हणाली. "आमच्यात भाजी चिरता येतेय कुणाला?"

हे उत्तर कुणालाच पटलं नाही. काहीतरी चिरलं असणारच, असं आपापसांत ठरवून बायका घरी गेल्या.

आता गंमत ऐका. भिंगरीच्या वर्गात बारा ससे होते. बाराही सशांचे वरचे ओठ मधोमध फाटलेले. पण सगळ्यांचेच फाटलेले असल्यामुळे त्याला नुसतं ओठ म्हणत. भिंगरीच्या ओठाला मात्र 'बिचारीचं नशीब' म्हणत. सशांच्या आया पोरांना जवळ ओढून हळूच सांगत, "तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही हं, सोन्या." आणि सोन्या आपल्या फाटक्या ओठांनी 'हो' म्हणे.

भिंगरीला या सगळ्याचं फारसं काही वाटत नसे. पण खोटं कशाला सांगू, एका गोष्टीचं मात्र फार वाटे.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. वाटेत मुंगूस दिसलं की थांबायचं आणि त्याला विनवायचं, तोंड दाखव. मुंगसानं वळून तोंड दाखवलं की दिवस चांगला जातो. परीक्षेच्या दिवशी तर मुंगसांच्या बिळासमोर सकाळपासून रांग लागे. कुणाला गणिताची धास्ती, कुणाला व्याकरणाची. भिंगरीचे दोघे भाऊ बिळाबाहेर बसत आणि एकेकाला तोंड दाखवून दाखवून दमून जात. थोरल्याच्या मानेत तर सहामाहीला लचक भरली होती.

भिंगरीही त्या दिवशी लवकर उठे. तोंड धुऊन, मिशा चोपून भावांच्या शेजारी येऊन बसे. रांगेतली मंडळी तिच्यापाशी पोचली की त्यांना एकदम आभाळात काहीतरी दिसे. ते बघत बघत ती पुढच्या भावाकडे सरकत.

"अगं, तुझ्याच वर्गातली ना ती," आई म्हणे. "तुला रोजच बघतात. आज पुन्हा काय बघायचं, असं वाटत असेल त्यांना."

"हो, तसंच असेल," भिंगरी म्हणे आणि दप्तर उचले.

चौथीपर्यंत तिला एकानेही 'तोंड दाखव' म्हटलं नव्हतं.

भिंगरीला एक मित्र होता. झिपरू साळिंदर. साळिंदराची जात रात्री जागणारी, त्यामुळे झिपरू शाळेत कायम पेंगलेला असे. परीक्षेच्या दिवशी तर घंटा होऊन गेल्यावर डोळे चोळत धावत येई. त्याला शकुन बघायला वेळ कुठला? गणितात तो दर वर्षी गटांगळ्या खाई आणि मास्तरांच्या हातापाया पडून वर चढे.

तो भिंगरीला फाटके म्हणे. ती त्याला केरसुणी म्हणे. शब्दाच्या मधला 'प' तिच्या दुभंगलेल्या ओठांतून निसटे, म्हणून ती झिपरूला झिफरू म्हणे, आणि त्याला वाटे की आपलं खरं नाव तेच आहे.

लगोरीत दोघं नेहमी एकमेकांविरुद्ध असत. झिपरू चेंडू असा हाणे की भिंगरीच्या पाठीवर वळ उठे. मग ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. पुढचा डाव तिचा असला की तोच चेंडू ती त्याच्या नाकावर बसवी. शाळा सुटल्यावर दोघं भांडत भांडत एकाच पायवाटेनं घरी जात. याला काय म्हणतात ते अभ्यासक्रमात नव्हतं.

एकूण सगळं बरं चाललं होतं. म्हणून वनराजांनी फर्मान काढलं.

"जंगलात दयेचा तुटवडा झाला आहे," फर्मानात लिहिलं होतं. "दिसायला वेगळ्या असलेल्यांशी दयेनं कसं वागावं, हे बालकांना शिकवणारं उत्तम पुस्तक जो लिहील त्याला वनभूषण हा किताब देण्यात येईल."

वनराजांच्या स्वतःच्या तोंडावर कपाळापासून जबड्यापर्यंत एक व्रण होता. एक कान अर्धा तुटलेला, उजवा डोळा कायमचा मिटलेला. पण त्याला शौर्य म्हणत. दरबारी चित्रकार तो व्रण चार बोटं जास्तच लांब काढत.

फर्मान निघाल्यावर तिसऱ्या दिवशी हरिणाक्षीबाई शाळेत आल्या. हरिणाक्षीबाई म्हणजे जंगलातल्या नामवंत लेखिका. चितळाच्या जातीच्या, आणि डोळे असे की त्यांच्या पुस्तकाचं मागचं पान लोक आधी बघत. पुढचं पान बघायचं काहींचं राहूनही जाई.

"सर, तुमच्याकडे एखादं आहे का?" त्यांनी मुख्याध्यापक कोल्हे सरांना विचारलं. "म्हणजे, वेगळं?"

"आहे ना!" कोल्हे सर अभिमानानं म्हणाले. "एकच आहे, पण फार छान आहे."

भिंगरीला बोलावलं गेलं. बाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि तिच्या शेपटीकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"किती गोड आहेस गं तू! बरं, मला सांग बाळ, तळ्यात आपलं प्रतिबिंब बघून तुला रडू येतं ना?"

"तळ्यावर मी बेडूक धरायला जाते."

"हो, पण बेडूक धरता धरता कधीतरी रडू येत असेलच."

"बेडूक सुटला तर येतं."

'तळ्याकाठी रडते,' बाईंनी वहीत लिहून घेतलं.

"मुलं तुला चिडवतात का?"

"झिफरू चिडवतो. मी पण त्याला चिडवते."

'मुलं चिडवतात,' बाईंनी लिहिलं आणि एक सुस्कारा सोडला. वही भरत चालल्यामुळे त्यांचा चेहरा खुलला होता.

"पुस्तकात शेवटी काय होतं?" भिंगरीनं विचारलं. तिला गोष्टी आवडत.

"शेवटी ना, जंगलात मोठा पूर येतो. आपली नायिका पुरात उडी घेते आणि सगळ्या वर्गाला वाचवते. मग सगळ्यांना कळतं की ती मनानं किती सुंदर आहे. मग सगळे तिच्याशी खेळायला लागतात!"

भिंगरीनं जरा विचार केला.

"आणि पूर आलाच नाही तर?"

"म्हणजे?"

"मग खेळत नाहीत का? शिवाय मला पोहायला येत नाही."

बाईंना एकाएकी दुसरीकडे कुठेतरी जायचं आठवलं. तिच्या शेपटीवरून हात फिरवून त्या गेल्या.

पण कोल्हे सर स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. पुस्तकाच्या प्रकाशनाला खुद्द वनराज येणार, तेही आपल्या शाळेत, म्हटल्यावर त्यांनी दया सप्ताह जाहीर केला. नियम सोपा होता. जो कोणी भिंगरीवर दया करील त्याच्या कानात पळसाचं फूल खोवण्यात येईल. शनिवारी प्रकाशन. तोवर ज्याच्या कानात फूल नसेल, त्याला सोमवारपासूनच्या वार्षिक परीक्षेला बसू दिलं जाणार नाही. आणि हो, फाटकी, वाकडी असले शब्द बंद. 'वेगळी' म्हणायचं, आणि म्हणताना मान किंचित कलती ठेवायची.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, सोमवारी, मधल्या सुट्टीत भिंगरीपुढे रांग लागली. रांग बघून ती घाईघाईनं मिशा चोपून ताठ बसली.

पण रांगेतला पहिला ससा तिच्या शेपटीकडे बघत म्हणाला, "भिंगरी, माझ्या डब्यातलं गाजर घे." आणि सरांपुढे जाऊन त्यानं कान वाकवला. दुसऱ्या सशानंही गाजरच दिलं. बाराव्या सशापर्यंत गाजरंच. या प्रकाराला माणसांच्या भाषेत तोंडदेखलं वागणं म्हणतात. पण इथे तोंडही कुणी बघत नव्हतं, त्यामुळे जंगलात त्याला नाव नव्हतं.

"पोरीचं पोट बिघडलंय," संध्याकाळी आई कोल्हे सरांना सांगायला आली. "साप खाणारी जात आमची. एवढं गाजर सोसत नाही."

"अहो, दया आहे ती," सर म्हणाले. "थोडी जड जाते सुरुवातीला."

मंगळवारी लगोरी बिघडली. भिंगरीनं पहिल्याच फटक्यात सातही दगड उडवले आणि ती पळाली. मागून चेंडू यायला हवा होता. आला नाही. ती वळून बघते तो दोन ससे चेंडू घेऊन अदबीनं उभे. "हा घे गं. तुला लागेल ना." तिकडे बाकीचे ससे तिची लगोरी रचून देत होते. वास्तविक ते विरुद्ध बाजूचे. रचून झाल्यावर सगळे ओरडले, "भिंगरी जिंकली!"

भिंगरीनं लाथ मारून ती लगोरी उधळून लावली.

"किती धीट आहे नाही?" एक हरणी म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्येकाला एकेक फूल मिळालं.

बुधवारपर्यंत शाळा पळसाच्या झाडासारखी फुलली होती. भिंगरी सोडली तर फक्त एक कान रिकामा होता, आणि तो काट्यांमध्ये सहसा दिसत नसे. झिपरूचा.

गुरुवारी कोल्हे सरांनी झिपरूच्या बाबांना बोलावून घेतलं.

"तुमचा मुलगा त्या वेगळ्या मुलीला फाटके म्हणतो. चेंडूनं मारतो. परवा म्हणे तिच्या हातची बेडकाची तंगडी ओढून घेतली."

"ती बी याची वढती की वो," बाबा पुटपुटले.

"ते मला माहीत नाही. शनिवारी वनराजांसमोर यानं एक दयेचं वाक्य म्हणायचं. नाही म्हटलं तर परीक्षा नाही. पुन्हा चौथी."

बाबांचे काटे उभे राहिले आणि हळूहळू खाली बसले. "एक वाक्यच तर हाय, झिपऱ्या," ते वाटेत म्हणाले. "म्हनून टाक. वर्स वाया घालवू नगंस."

त्या दिवशी खेळताना चेंडू झिपरूच्या हातात आला. भिंगरी त्याच्या अगदी समोरून पळत होती, पाठ उघडी. नेम चुकणं शक्यच नव्हतं. ती मनातल्या मनात पाठ आवळून तयार झाली.

झिपरूनं चेंडू खाली टाकला.

"मार की, झिफरू!" ती ओरडली. "मार ना!"

"जाऊ दे, भिंगरी," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

फाटके नाही, भिंगरी म्हणाला. आजवर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. तिला इतकं वाईट वाटलं की ती खेळ सोडून गुळवेलीच्या जाळीआड गेली आणि खूप रडली. हरिणाक्षीबाईंनी हे बघायला हवं होतं. पण त्या वेळी त्या मुखपृष्ठ पसंत करायला गेल्या होत्या.

शनिवार उजाडला. शाळेला तोरणं लागली. वनराज यायचे म्हणजे दारात शकुनाला मुंगूस हवंच. भिंगरीला हे ठाऊक होतं. ती पहाटेच उठून, तोंड धुऊन दारात जाऊन बसली होती. आजचा सगळा समारंभ आपल्या तोंडावरून चाललाय, तेव्हा आज तरी आपलाच नंबर, असा तिचा साधा हिशेब होता.

"अगं, तू इथे कशाला?" कोल्हे सर मायेनं म्हणाले. "तू तर आजची पाहुणी. तू मंचावर बस." आणि त्यांनी तिच्या थोरल्या भावाला दारात उभं केलं. "शकुनाचं काम आहे," ते हरिणाक्षीबाईंना हळूच म्हणाले. "तिथे कशाला धोका पत्करा?"

सर हळूच बोलले, पण मुंगसाचे कान तिखट असतात.

वनराज आले. दारात थांबून म्हणाले, "मुंगसा, तोंड दाखव." भाऊ वळला आणि त्यानं तोंड दाखवलं. वनराज प्रसन्न झाले आणि दयेवर बोलायला आत गेले.

मंचावर भिंगरी एका उंच खुर्चीत बसली होती. हरिणाक्षीबाईंनी पुस्तकावरचं केळीचं पान दूर केलं. पुस्तकाचं नाव 'कपाळावरची चांदणी'. वरच्या चित्रात एक मुंगूस तळ्याकाठी रडत होतं. त्याचे ओठ छान मिटलेले, दोन्ही गाल सारखे, आणि कपाळावर एक नाजूक चांदणी.

"हे कोण?" भिंगरीनं विचारलं.

"तूच की गं! चित्रकारानं जरासं सौम्य केलंय इतकंच. तुझं खरं तोंड छापलं असतं तर लहान मुलं दचकली असती. पुस्तक उघडलंच नसतं त्यांनी. मग त्यांना दया कशी शिकवायची, सांग बरं?"

भिंगरीनं खुर्चीतच अंग वळवलं आणि ती सगळ्यांकडे पाठ करून बसली. मंचामागचा पडदा तेवढा समोर होता. त्याच्याकडे बघत बसली.

"लाजली!" कोल्हे सर म्हणाले. "आता आमचा एक विद्यार्थी दयेचं वाक्य म्हणेल."

झिपरू मंचावर आला. त्याचे काटे तेल लावून बसवले होते. कोल्हे सरांनी दोन दिवस त्याच्याकडून वाक्य घोटून घेतलं होतं. 'भिंगरी, तू जशी आहेस तशीच सुंदर आहेस.' मान कलती.

"भिंगरी," झिपरूनं सुरुवात केली. "तू जशी आहेस..."

समोर बसलेल्या बाबांनी मान डोलावली. झिपरूनं त्यांच्याकडे बघितलं. मग उंच खुर्चीतल्या त्या पाठीकडे बघितलं. ती पाठ त्याच्या चांगल्या ओळखीची होती. चार वर्षं तो तिच्यावर चेंडू मारत आला होता. इतकी गप्प बसलेली त्यानं ती कधी बघितली नव्हती. त्याचे तेल लावलेले काटे एकेक करून उभे राहिले.

"ए फाटके!" तो मोठ्यानं ओरडला. "तोंड दाखव की! सोमवारी गणिताचा पेपर हाय माझा!"

सभेत एक ससा चक्कर येऊन पडला.

"तोंड दाखव म्हणतोय!"

"त्या बिचारीला!"

"आणि ते वनराजांसमोर!"

वनराजांनी घटकाभरापूर्वी दारात हेच दोन शब्द उच्चारले होते. पण तो शकुन होता. हा क्रूरपणा होता. हरिणाक्षीबाईंच्या सुंदर डोळ्यांत घळाघळा पाणी आलं, आणि त्यांनी वही उघडली.

खुर्चीतली पाठ हलली. भिंगरी वळली. पटकन नाही. परीक्षेच्या सकाळी भाऊ वळत तशी, सावकाश, मान आधी आणि अंग मागून. तिनं आपलं सबंध तोंड झिपरूसमोर धरलं, ओठ, गाल, सगळं, आणि त्याचं नीट बघून होईपर्यंत हलली नाही. मग तिला हसू आलं आणि ते तोंड डाव्या कानाकडे निघून गेलं.

"दिसलं का रे, झिफरू?"

"दिसलं," झिपरू म्हणाला. "आता बघ, माझं गणिताचं काम होतंय."

झिपरूला तिथूनच हाकलण्यात आलं. फूल नाही, परीक्षा नाही. तो पुन्हा चौथीत बसला. त्याच्या मते शकुन अगदी फळला, कारण गणिताचा पेपर आयताच टळला. बाबांनी त्याला दोन दिवस धरून बडवलं. तिसऱ्या दिवशी पेपर खरंच टळलाय हे त्यांच्याही ध्यानात आलं, आणि ते जरा शांत झाले.

पुस्तकाला किताब मिळाला. ते पाचवीच्या अभ्यासाला लागलं. भिंगरी पाचवीत गेली, आणि तिला त्यावर प्रश्न आला, 'भिंगरीवर तुम्ही दया कशी कराल? दहा ओळी लिहा.' तिला दहापैकी दोन गुण पडले. सशांना नऊ.

मधली सुट्टी झाली की भिंगरी पाचवीचा वर्ग सोडून चौथीच्या मैदानात पळे. तिथे झिपरू आणि नवीन वर्गातली तीन मुंगसं आणि एक टिटवी लगोरी मांडून बसलेली असत.

"मेलास रे, झिफरू!" असं जोरात ऐकू आलं की पाचवीच्या खिडकीत बारा ससे येत. कानात वाळकी पळसफुलं, डोळ्यांत पाणी. "पाठीत बसला रे चेंडू. बिचारी! तिच्याशी चांगलं वागणारं कुणीच नाही तिकडे." असं म्हणून ते हातातलं गाजर पुन्हा डब्यात ठेवत.

तात्पर्य : बाळांनो, वेगळ्या चेहऱ्याचं कुणी भेटलं तर त्याच्याशी अवश्य दयेनं वागा. गोड बोला, गाजर द्या, आणि नजर सतत शेपटीवर ठेवा. तोंडाकडे मात्र चुकूनही बघू नका. बघितलंत की त्या तोंडाची सवय होते, सवय झाली की भांडण होतं, मग रोज एकाच पायवाटेनं घरी जावं लागतं. आणि कानात फूल कायमचं मिळत नाही. झिपरूला अजून मिळालेलं नाही.